मथुराबाई जे बोलली होती

ब्रिजेट,

तुझ्या भाचीचं पत्र आलं त्याला महिना होत आला. एका पानात तिनं सगळं नीट लिहिलंय. झोपेतच गेलीस, त्रास झाला नाही, उशाशी चष्मा आणि अर्धं वाचलेलं पुस्तक होतं. किनवटच्या आमच्या शाळेच्या ओट्यावर बसून मी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि सातवीचा तास घ्यायला गेलो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, ब्रिजेट गेली. ती म्हणाली, "अगं बाई. लोकरीच्या टोपीवाली?" आणि पदर डोळ्याला लावला. ती तुला दोनदाच भेटली होती. माझे डोळे कोरडेच होते. रडायचा हक्क आधी मिळवावा लागतो, असं मला वाटत होतं.

आपण जन्मभर इंग्रजीत बोललो. आज मराठीत लिहितोय, कारण ही गोष्ट मराठीत घडली होती आणि मीच तिला इंग्रजीत जाऊ दिलं नव्हतं. तुझी वाक्यंही मराठीतच घालतोय. तपासायला आता तू नाहीस, तेव्हा थोडा विश्वास ठेव. माझ्यावर तो ठेवावा की नाही, हे पुढं वाचून ठरव.

नांदेड स्टेशनवर तू उतरलीस तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, आणि पेपरात येतं तसं इंग्रजी बोलायचो. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवर नवं नाव रंगवलेलं, पण ऊन तिरपं पडलं की खालचं उस्मानाबाद परत दिसायचं. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी गेला होता. दोन लढायांच्या मध्ये जरा विसावा म्हणून तुझ्या पेपरनं तुला आमच्या दुष्काळावर पाठवलं होतं. हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलंस, आणि मग स्वतःच ओशाळलीस.

"दुभाष्याला नियम एकच," तू म्हणालीस. "समोरचा माणूस 'मी' म्हणाला की तूही 'मी' म्हणायचं. 'तो म्हणतो, ती म्हणते' असलं मला नको. त्यांच्या आणि माझ्या मध्ये मला तू दिसायला नको."

परीक्षा लगेच घेतलीस. फलाटावरच्या चहावाल्याला विचारायला लावलंस, घरी कोण कोण असतं. तो म्हणाला, "मला दोन बायका हायत, मास्तर. आन् दोघी बी पाण्यापायी माहेरी जाऊन बसल्यात." मी खाली मान घालून तुला इंग्रजीत म्हणालो, "मला दोन बायका आहेत." तू हॅट काढून वाकलीस आणि म्हणालीस, "अभिनंदन." चहावाला तुझ्यापेक्षा जास्त हसला, काही कळलं नसताना.

तो नियम मला कधीच नीट जमला नाही. का जमला नाही ते तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगतो.

मी उदगीरच्या दुकानदारांच्या घरातला. आमच्याकडं दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. घरात तांदूळ संपला तरी संपला म्हणायचं नाही. वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणते, असं आई सांगायची. लहानपणी मी एकदा उन्हातून येऊन "मेलो आता" म्हणालो, तर तिनं शिव शिव करत माझ्या तोंडावर हात ठेवला होता. अशा घरातल्या माणसाला तू शिकवत होतीस, दुसऱ्याचं दुःख 'मी' म्हणून बोल. मी विधवा झाले म्हण. माझी बैलजोडी मेली म्हण. माझी जीभ जड व्हायची. मग मी वाक्याच्या कडा गोल करायचो. मेलीचं गेली, उपाशीचं थोडी अडचण आहे.

तुझ्या ते लक्षात आलं होतं. आमच्या घरी तू आलीस त्या दिवशी आई शेंगा सोलत बसली होती. तुला न्याहाळून म्हणाली, "एवढी शिकलेली बाई, गोळीबार बघत हिंडती म्हणं. हिच्या घरी हिला इचारणारं कुणी न्हाई का?" मी तुला सांगितलं, आई तुझ्या घरच्यांची विचारपूस करतेय.

"तुझी आई बरंच बोलली," तू म्हणालीस. "तू एवढंसंच बोललास. तुझ्याकडून येणारी सगळी माणसं इस्त्री करून येतात."

मग आईशेजारी फतकल मारून तूही शेंगा सोलायला लागलीस. निघताना आईनं तुझ्या कपाळाला विभूती लावली. कशासाठी, तू विचारलंस. नजर लागू नये म्हणून, मी म्हणालो.

"गोळीही लागणार नाही ना, तेवढं विचार."

"तेवढं माझ्या हातात न्हाई म्हणावं," आई म्हणाली. हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं होतं.

आपलं एक भांडण राहूनच गेलं. तू म्हणायचीस, दुष्काळ म्हणजे आवाज नसलेली लढाई. मी म्हणायचो, लढाईत शिव्या द्यायला समोर कुणीतरी असतं. इथं माणूस आपल्याच नशिबाला शिव्या देतो. त्यावर तू म्हणालीस, "म्हणजे तुम्ही लोक शत्रूलाही इस्त्री करता." हे भांडण पुढं पंचवीस वर्षं पत्रांतून चाललं. हरायला आलीस की तू एखाद्या नव्या देशाचं उदाहरण काढायचीस. मला तो देश नकाशात शोधावा लागायचा आणि उत्तर द्यायचं राहून जायचं.

आता त्या दिवसाकडं येतो. इतकी वर्षं मी त्या दिवसाच्या बाजूबाजूनं चालत आलोय.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडं रोजगार हमीचं काम चाललं होतं. बाया रस्त्यासाठी खडी फोडत होत्या. आपली जीप बाभळीखाली उभी होती आणि आपला ड्रायव्हर हमीदभाई बॉनेटवर ओलं फडकं टाकून बसला होता. तू रांगेतल्या शेवटच्या बाईजवळ उकिडवी बसलीस. तिनं नाव सांगितलं, मथुराबाई. वय माझ्याएवढंच असेल. हातोडा थांबवला नाही तिनं. किती वेळ काम करता, पाणी कुठून आणता, असं तू विचारत गेलीस आणि ती सांगत गेली. मग आपण होऊन तिनं हातोडा खाली ठेवला आणि म्हणाली,

"माझं लेकरू कालधरनं उलट्या-हगवणीनं लोळागोळा होऊन पडलंय. सासूपाशी टाकून आले. आजचा दिस काढतंय का न्हाई, काय ठावं न्हाई."

तू माझ्याकडं पाहिलंस.

मला म्हणायचं होतं, माझं मूल आजचा दिवस काढेल असं वाटत नाही. 'मी' म्हणून. 'माझं' म्हणून. आणि नांदेडला माझ्या बायकोला सातवा महिना चालू होता.

मी म्हणालो, "ती म्हणते, तिच्या मुलाला बरं नाही."

'ती म्हणते' ऐकून तू एकदा भुवई उचललीस. वहीत काहीतरी लिहिलंस. नेहमी तू दुसरा प्रश्न विचारायचीस, त्यावर तुझा भारी भर असायचा. पण तेवढ्यात कामावरचा मुकादम आला, मी घड्याळ दाखवलं, लातूरला नव्या कचेरीत साहेबांनी बारा वाजताची वेळ दिली होती. घड्याळ मीच दाखवलं, हेही लिहून ठेवतो. साहेबांसमोर बसायची मला हौस होती.

जीपमध्ये बसताना हमीदभाईनं विचारलं, "मास्तर, वो बाई हात जोडके क्या बोल री थी?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "चलो, देर हो री."

तुझ्या पिशवीत मीठ-साखरेच्या पुडीची पाकिटं होती, पाण्यात कालवून पाजायची. तू ती सगळ्या लढायांमधून बरोबर वागवायचीस. जीप रिकामी होती. लातूरचा दवाखाना तासाभराच्या वाटेवर होता. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. हे कुणी मला नंतर समजावून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोटोसाठी आपण परत त्याच वाटेनं गेलो. मथुराबाईच्या जागी तिचा खडीचा ढीग तेवढा होता. शेजारची म्हणाली, "लेकरू गेलं तिचं. त्याच दिशी, दिवस मावळायच्या आत." हे मी तुला नीट सांगितलं, दुसरीकडून वळवून सांगायला काही उरलंच नव्हतं.

तू रस्त्याकडं वळलीस. मग म्हणालीस, "तिनं सांगितलं होतं आजारी आहे. आणि मी विचारलं नाही, किती आजारी."

ब्रिजेट, त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. तू विचारायची गरजच नव्हती, तिनं न विचारता सांगितलं होतं. एवढंच. मी गप्प बसलो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मला वाईट वाटतंय म्हणून मी गप्प आहे, असं तुला वाटलं.

परत गेल्यावर तू तो लेख लिहिलास. लढाईतल्या माणसांना दुसरा प्रश्न विचारायला मी कधी विसरले नाही, आणि एका शांत रस्त्यावर विसरले, असं काहीसं त्यात होतं. लोकांना तो फार आवडला, तुला बक्षीस मिळालं, आणि ते घ्यायला तू गेली नाहीस. मला कळवलंस, "त्या मुलाच्या नावावर मी काही घेणार नाही." तू ते ओझं माझ्यासमोर उचललंस आणि मी बाजूला उभा राहून ते तुझ्या डोक्यावर नीट बसलंय ना, एवढं पाहिलं.

आमच्या मुलीला तू लोकरीची टोपी पाठवलीस. नांदेडच्या मे महिन्यात. आईनं ती तिच्या डोक्यावर घातली, पोरगी घामानं भिजून रडायला लागली, आणि आई म्हणाली, "ब्रिजाबाईला म्हणावं, मापात बसली." पोरगी निरोगी निघाली, सगळ्यांना पुरून उरली. तिचा प्रत्येक वाढदिवस आला की मी दिवसभर देवळात किंवा बाजारात काढायचो. बायकोला वाटायचं, माणूस असाच आहे, अबोल.

कॉलेज सोडून मी किनवटला आश्रमशाळेत आलो, ते तुला कळवलं होतं. का आलो ते कळवलं नव्हतं. इथं रानातल्या पाड्यांवरून येणारी पोरं पहिल्या वर्षी मराठी बोलत नाहीत. मी त्यांची भाषा शिकलो, मोडकीतोडकी. पोरं अजून हसतात. पण वसतिगृहातलं एखादं पोर रात्री कण्हत असलं आणि सकाळी दवाखान्यात न्यायचं असलं, की बरोबर मी जातो. डॉक्टरला मी सांगतो, "माझं पोट आतून कापल्यासारखं दुखतंय. मला लघवीला झालेलं नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डॉक्टर घाबरून माझंच पोट तपासायला उठले होते. आता सवय झालीय त्यांना. यानं काही फिटतं असा माझा दावा नाही. पोरं वेळेवर बरी होतात, एवढं मात्र होतं.

तुझं शेवटून दुसरं पत्र. त्यात तू विचारलं होतंस, ती मथुराबाई असेल का अजून, बघशील का. मी उत्तर दिलं, पत्ता लागला नाही. ब्रिजेट, मी शोधलंच नव्हतं. गाव मला पाठ होतं.

तुझ्या भाचीचं पत्र आल्यावर आठ दिवसांनी मी गेलो. तुला सांगता येणार नव्हतं, मग जिचं वाक्य होतं तिला तरी सांगावं. शिरूर अनंतपाळ आता तालुका झालाय. रस्ताही पक्का झालाय, तो त्या बायांच्याच खडीवर असणार. मथुराबाई सापडायला पाच मिनिटं लागली. दारात बसून ज्वारी निवडत होती. मुलगा लातूरला रिक्षा चालवतो, सून शेळ्या बघते, तिला गुडघ्यांचा त्रास आहे. मी नाव सांगितलं तर ओळख पटली नाही. गोऱ्या बाईबरोबर आलो होतो म्हटल्यावर मात्र तिनं मान वर केली.

"ते व्हय तुमी. लई वाळके होतात तवा."

मी खाली बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. "अक्का, तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते मी त्या बाईला सांगितलंच नाही. लेकरू दिवस काढत नाही म्हणालात, मी म्हणालो, बरं नाही."

तिचे हात ज्वारीत चालूच होते. "का बरं?"

"माझी बायको गरवार होती. तोंडातून काढवलं नाही."

"हं." एक खडा तिनं बाजूला टाकला. "काय झालं तिला?"

"पोरगी."

"बरी हाय?"

"हाव."

मग सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "मी त्या बाईला कुठं सांगितलं होतं, मास्तर? तिला काय कळणार होतं माझं. मी तुमाला सांगितलं होतं. तुमाला तर कळालं होतं की."

सव्वीस वर्षं मी त्याला दुभाष्याची चूक म्हणत आलो. तुझ्या आणि तिच्या मध्ये मी एक खराब झालेली नळी आहे, असं मानून स्वतःची थोडी सोय करून घेत आलो. तिच्या लेखी मध्ये कुणी नव्हतंच. एक शिकलेला, धडधाकट माणूस जीप घेऊन समोर उभा होता, तिची भाषा त्याला येत होती, आणि तिनं त्याला हात जोडले होते. मी म्हणालो, "हाव अक्का. मला कळालं होतं."

"मग झालं," ती म्हणाली. "म्हणलात ना एकदा. माझ्याकडं दुसरं काय द्यायला न्हाई तुमाला." तिच्या आवाजात राग होता, तो तिनं लपवला नाही. त्यानंच मला बरं वाटलं. माफ केलं असतं तर मला उठून जाता आलं नसतं.

मग तीच म्हणाली, "ती बाई आली होती."

"कोण बाई?"

"तुमची गोरी. चौथ्या दिशी, एकली. ड्रायव्हर बाहेर गाडीपाशी. आत आली, माझ्यासमोर भुईवर बसली. बोलता येईना काई. मी त्याच्या नावानं रडत होते, नामा, नामा करून. तर ती बी म्हणाया लागली, नामा, नामा. सासू म्हणली, हिला कुणी शिकिवलं. दुपार कलस्तोवर बसली होती बघा."

मला तो दिवस आठवला. लातूरच्या तारऑफिसात मी तुझा मजकूर पाठवायला रांगेत उभा होतो. संध्याकाळी कुठं गेली होतीस विचारलं, तर तू म्हणालीस, रस्ता बघायला. मला बरोबर न घेता गेलीस. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून, की मला अजून एक 'मी' बोलायला लागू नये म्हणून, हे आता कधी कळणार नाही. मला मात्र एवढं कळलं, की मुलाचं नाव तुला ठाऊक होतं. मी ते कधी विचारलंच नव्हतं.

"कशी हाय आता ती?" मथुराबाईनं विचारलं.

"गेली अक्का. महिना होईल. तिच्या देशात."

"तिच्या मनात काई राह्यलं होतं का आमचं?"

"तिला वाटायचं, तिचंच चुकलं."

"तिचं कशानं चुकलं?" मथुराबाई चिडलीच. "तिच्या माणसांला लिवा. मथुराबाईनं सांगितलंय म्हणावं, तिचं काई चुकलेलं न्हाई. चुकलं ते तुमचं. असंच लिवा, गोड करू नका."

काल रात्री तुझ्या भाचीला पत्र लिहिलं. गोड केलेलं नाही.

त्या दिवशी मी निघायला उठलो तर मथुराबाई म्हणाली, "तुमच्याकडं कडू घास कुणी आणला?"

तुला हे माहीत नाही, ब्रिजेट. आमच्याकडं ज्या घरचं माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचं कुणीतरी भाकरी-पिठलं करून आणतं आणि समोर बसून दोन घास खायला लावतं. मी म्हणालो, "नाही अक्का. तिला इथं कोण ओळखत होतं, कोण आणणार."

"मी वळखत होते की," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "बसा. चूल पेटवते."